अपा कझाकमध्ये ओरडली

रविवार, रात्र.

आज झोप लागणार नाही हे आडवं पडल्यापडल्याच कळलं, म्हणून उठून स्वयंपाकघरात येऊन बसलेय. तसं घडलं काहीच नाही. हिप्पोड्रोमवर कोकपार, हा इथला कझाकस्तानातला घोड्यावरचा खेळ, बघायला गेलो, शेजारच्या अपाने सगळ्यांना बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खायला घातले, दुपारनंतर वारा सुटला, चिरंजीवांचे कान लाल झाले, घरी आलो. लिफ्टमध्ये अपा पुन्हा नेहमीची अपा होती. सहाव्या मजल्यावरच्यांनी जिन्यात लावलेल्या सायकलींवर तिचं भाषण चालू होतं आणि मी हं हं करत होते. पण दार लावून घेतल्यापासून काहीतरी बिनसलंय, आणि ते काय हे नवऱ्याला सांगता येईना. डोकं दुखतंय म्हटलं. तो बिचारा गोळी देऊन झोपला.

कोकपार मी टीव्हीवर पुष्कळ पाहिलाय. २०२४ च्या सप्टेंबरात अस्तानाला जागतिक भटक्यांचे खेळ झाले, तेव्हा अपाकडे दुसरं काही लागतच नव्हतं. टीव्हीवर तो खेळ म्हणजे धूळ आणि घोड्यांची ढुंगणं. मध्ये कुठेतरी बोकडाचं धड असतं (मोठ्या स्पर्धांत हल्ली बऱ्याचदा त्याच वजनाचं नकली), ते उचलून पलीकडच्या कझानमध्ये, म्हणजे कढईसारख्या गोलमध्ये, नेऊन टाकायचं, की झाला गोल. नियम एवढेच. मैदानावर बसून बघणं मात्र वेगळं आहे. तिथे खेळ आधी तळपायांना कळतो. बाकाखालची जमीन थरथरते, मग वास येतो, मग दिसायला लागतं. स्वारांनी चाबूक दातांत धरलेले, कारण दोन्ही हात हवे असतात. घोड्याला कुणी काही सांगत नाही. तो आपण होऊन समोरच्याला छातीने रेटतो, वाट काढतो, धनी खाली वाकला की पाय रोवून उभा राहतो. आणि धनी वाकतो म्हणजे किती, तर त्याचं डोकं खुरांच्या पातळीला येतं. तीस-पस्तीस किलोचं ते ओझं तो तिथून वर ओढतो, मांडीखाली दाबतो, तोवर कुणीतरी दुसऱ्याने धडाची दुसरी तंगडी पकडलेली असते, आणि ते दोघं, दोन्ही घोडे आणि बोकड अशी एक वरात भरधाव निघते.

असाच एक निळ्या सदऱ्यातला पोरगा घोळक्यातून एकाएकी सुटला. मागे कुणी नाही. आणि अपा उभी राहिली.

अपा! जिने सगळी नोकरी आवाज न चढवता वर्ग गप्प करण्यात घालवली, ती. उभी राहिली आणि ओरडली. ओरडली ती कझाकमध्ये. अपाचं कझाक आपण ऐकलंय. पाहुण्यांसमोर, सणावारी, जपून जपून. हिशेब रशियनमध्ये, रागावणं रशियनमध्ये, डॉक्टर रशियनमध्ये, मांजरसुद्धा रशियन समजतं. ती शिकली तेव्हा या शहरात कझाक माध्यमाची शाळा शोधावी लागायची, असं तीच सांगते. आज मात्र शब्दांची रांग लागली होती. मला त्यातलं 'दौडव, बाळा' एवढंच समजलं. एका हाताने तिने माझं मनगट धरलं होतं, आणि ते आपण धरलंय हे तिला माहीतच नव्हतं.

पोराचा नेम थोडक्यात चुकला. धड कझानच्या काठावर आपटून बाहेर पडलं. अपा खाली बसली, रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. मी बघतेय हे बघून म्हणाली, "वारा."

वारा होताच. पण मला हेवा वाटला. किती वाईट दिसतंय हे लिहिलेलं. सत्तरी ओलांडलेली बाई रडतेय आणि शेजारच्या बाईला तिचा हेवा वाटतोय. दया नाही, कौतुक नाही. हिच्याकडे हे आहे आणि माझ्याकडे नाही, असा सरळ लहान मुलासारखा हेवा.

बरं, हिच्याकडे आहे ते काय? हाच प्रश्न मघापासून उलटसुलट करतेय. आठवण म्हणावी, तर अपा जन्मली इथे, वाढली इथे, बसने शाळेत गेली, सातव्या मजल्यावर म्हातारी झाली. जायलाऊवरच्या, उन्हाळी कुरणावरच्या, तंबूत तिचं बालपण गेलेलं नाही. कोकपार खेळणारा मामा नाही की काका नाही. जे तिने कधी पाहिलं नाही, त्याची आठवण येऊन ती रडली. असं होतं का? की ते दुसऱ्या कुणाचं रडं तिच्याकडे वारशाने आलंय?

तिच्या वडिलांचं आपल्याला माहीत आहे. त्याबद्दल ती एकदाच बोलली, ३१ मे रोजी, बळींच्या स्मृतिदिनी, कांदा चिरताना. १९३० ते १९३३. सोव्हिएत राजवटीत जनावरं जप्त झाली, भटक्यांना एका जागी बसवलं आणि बसल्या जागी माणसं भुकेने मेली. सुमारे पंधरा लाख. जनावरांतली दहातली नऊ संपली. ज्यांचं दूध घोडीचं, वाहन घोडा, प्रतिष्ठा घोडा आणि सणाचा खेळही घोडा, त्यांच्याकडून घोडाच गेला म्हणजे काय राहिलं? अनाथाश्रमातलं पोर राहिलं, तेच तिचे वडील. इथे प्रत्येकाला वडिलांकडची सात नावं पाठ हवीत, जेती अता म्हणतात. अपाला तीन येतात. तिसऱ्या नावानंतर ती कांद्याकडे बघायला लागली आणि मी भाजी किती छान झालीय म्हटलं. भाजी अजून व्हायची होती.

असो.

दुसरीकडे मन असंही म्हणतं, की बाई, एवढं काही नाही, तो एक देखावा होता. आणि देखावा होताच! सुरुवातीचा तासभर मला सहन होत नव्हता. ढोलताशासारखं कर्कश संगीत, कुठल्याशा बँकेचे फुगे, निवेदकाचे विनोद. गरुडाला हातावर घेऊन फोटो काढायची रांग तर मला बघवत नाही. तो पक्षी थंडीत कोल्ह्यामागे डोंगरावरून झेपावायचा, त्याला इथे डोळ्यांवर टोपडं चढवून पोराबाळांच्या हातांवर फिरवतात. मग क्यझ-कू झाला. मुलगी पुढे, मुलगा मागे. तिला गाठलं तर मुका, नाही गाठलं तर परतीच्या वाटेवर ती त्याला चाबकाने झोडपत आणते. त्या दोघांचे पोशाख नुसते चकाकत होते, मुका आधीपासून ठरलेला दिसत होता, टाळ्याही तशाच. अपा त्या वेळी थर्मासचं झाकण उघडत होती. "पोरीने घोडा नीट निवडला की हा प्रश्नच येत नाही," एवढं म्हणाली आणि पेल्यात चहा ओतला, अर्धाच.

म्हणजे तिलाही कळतं. नकली काय हे तिला माझ्यापेक्षा लवकर कळतं. आणि तरी कोकपारला ती उठली. बायगेलासुद्धा उठली नव्हती. लांब पल्ल्याची ती शर्यत, खरी अलामान बायगे पंचवीस किलोमीटर आणि वर, पाठीवर बारा-तेरा वर्षांची पोरं. ते बघताना अपाच्या चेहऱ्यावर मास्तरीणच होती. पोराने शिरस्त्राण घातलंय की नाही हे बघत होती.

आमच्या ऑफिसातल्या पोरांचं काय करावं? त्यातला एक दर शनिवारी घोड्यावरून बाण मारायला शिकायला जातो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तो पडद्यासमोर पोक काढून बसलेला असतो, कॉफी ॲपवरून, भाजी ॲपवरून, भांडणंसुद्धा ॲपवरून. त्याचं कझाक अपापेक्षाही कच्चं आहे. अशांना इथे 'शाला कझाक' म्हणतात, अर्धवट. गावाकडचा नातेवाईक पहिल्या वाक्यातच त्याला पकडतो आणि उरलेली सुट्टी खराब होते. मी त्याला विचारलं होतं, हे बाण कशाला? त्याने खांदे उडवले. म्हणाला, घोडा व्याकरण तपासत नाही.

तेव्हा मी हसले होते. आज मैदानावर ते वाक्य आठवत राहिलं. घोड्यावर बसून अर्धवट राहता येत नाही, हे खरंय. घसरलास तर पूर्ण घसरलास. हातात लगाम असताना दुसऱ्या हाताने फोन काढून कुणाचा निरोप आलाय हे बघता येत नाही. त्या निळ्या सदऱ्यातल्या पोराला कुणी विचारलं नसतं, तुझी सात नावं सांग. ओझं उचललंस ना? मग तू आमचा. परीक्षा कठीण, पण तोंडी नाही. ज्यांचं तोंडी सगळं कुणीतरी पुसून टाकलंय, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे.

आमच्या घरातली तोंडी परीक्षा मी टाळतेच आहे. चिरंजीव परवा द्वोरमध्ये, इमारतीच्या अंगणात, पडले, गुडघा फुटला, आणि तोंडातून 'आई गं' नाही, कझाक "ओयबाय!" निघालं. माझ्या आईचा तेव्हाच फोन चालू होता. ती म्हणाली, काय गं म्हणाला तो? मी म्हटलं, काही नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी अपाने विचारलं होतं, "तुमच्याकडे घोडे असतात ना?"

"असतात की," म्हटलं. "चौकाचौकात. ब्राँझचे."

"आणि बसतं कोण?"

"महाराज."

तिने आदराने मान हलवली. मला उगीचच लाज वाटली. भीमथडीच्या तट्टांवर बसून आपली माणसं अटकेपार गेली, हे शाळेपासून घोकलेलं. मी स्वतः आज अटकेच्या कितीतरी पार येऊन राहतेय, पण विमानाने, नवऱ्याच्या बदलीवर, वीस-वीस किलोच्या बॅगांत कुकर आणि गोडा मसाला घालून. घोड्याशी माझा संबंध माथेरानला आला तेवढाच. मला चढवणारा माणूस लगाम धरून पुढे चालत होता, आणि मी डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर घोडा दिसला तो चुलतभावाच्या वरातीत, आणि त्यालाही बँडचा त्रास होत होता. मला रडवील असा खेळ कुठला? विटीदांडू? लंगडी? शाळेत मंगळागौरीच्या फुगड्या स्पर्धेसाठी बसवल्या होत्या, बाईंनी शिट्टी वाजवली की थांबायचं. अपाला निदान हरवलंय काय हे तरी माहीत आहे. मला काय हरवलं, कुणी नेलं, कधी नेलं, काही म्हणजे काही सांगता येणार नाही. कुणी नेलेलंच नाही. मीच कुठेतरी विसरून आले असणार.

(इथपर्यंत लिहून मी डोळे पुसले, हेही लिहून ठेवते. वारा नव्हता.)

नवरा पाणी प्यायला उठला होता. दिवा बघून आला. काय झालं, डोकं अजून दुखतंय का? मग सांगितलं एकदाचं. अपा अशी उभी राहिली, अशी ओरडली, आणि माझ्या आत असं ओरडणारं काही उरलेलंच नाही. त्याने ग्लास संपेपर्यंत शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "कोर्व्हालॉल विसरलीस?"

विसरले होते. २९ जून २०२४, विश्वचषकाची अंतिम लढत, इथे रात्रीचे अकरा वाजत आलेले, शेवटची ओव्हर, मिलरने टोलवलेला चेंडू सीमारेषेकडे चाललेला आणि खाली सूर्यकुमार. मी सोफ्यावर चढून "धर! धर मेल्या! धर!" अशी किंचाळले होते. मुलगा झोपेतून रडत उठला. आणि दोन मिनिटांत दारावर अपा, गाउनवर कोट घातलेली, हातात हृदयाच्या थेंबांची बाटली. तिला वाटलं घरात कुणीतरी गेलं. मी तिला मिठी मारून नाचवली होती. मग आम्ही तिघांनी तिच्या थेंबांचा वास घेत बक्षीस समारंभ पाहिला. तिने विचारलं होतं, हा तुमचा पूर्वजांचा खेळ का? मी बेधडक हो म्हणाले होते.

आता घ्या. साहेबाने आणलेला खेळ, आणि माझ्या तोंडून निघाला 'मेल्या'. तो माझ्या आजीचा शब्द. अंगणात कोंबडा शिरला की तिच्या तोंडून निघायचा तसाच्या तसा.

याने समाधान झालं म्हणावं तर नाही झालं. क्रिकेट ते क्रिकेट, कोकपार तो कोकपार. माझ्याकडून क्रिकेट कुणी हिसकावून घेतलेलं नाही. उलट मोबाइल उघडला की तेच अंगावर येतं. पण रडू जे वर आलं होतं ते मधेच बावळटासारखं थांबलं, आणि थोडं हसूही आलं.

शिवाय अपाला इतकं डोक्यावर घेण्याचंही कारण नाही. आज घोड्यासाठी डोळे ओले करणारी हीच बाई डिसेंबरात सोगिमचा, म्हणजे हिवाळ्याच्या मांसाच्या बेगमीचा, घोडा कापला की तिच्या वाट्याची काझी, घोड्याच्या मांसाचं सॉसेज, मोजून घेते, चरबी किती बोटं जाड आहे हे बघते, आणि कमी वाटली तर भावाला फोन करते. पहिल्या वर्षी मी न राहवून विचारलं होतं, घोड्यावर एवढं प्रेम, आणि घोडाच पातेल्यात? तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने बहुधा नापास पोरांकडे पाहत असेल. धावणारा वेगळा, सोगिमचा वेगळा. तिच्या हिशेबात त्यात काही विसंगत नाही. पोसणाराही तोच, वाहून नेणाराही तोच, जिंकून देणाराही तोच. फक्त प्रेमापुरता घोडा ठेवायचा, ही चैन गवताळ प्रदेशात कुणाला परवडली असती? मी ती काझी अजून खाल्लेली नाही. अपा दर वर्षी ताटात ठेवते आणि दर वर्षी काही न बोलता उचलून नवऱ्याच्या ताटात टाकते.

चिरंजीवांच्या पँटच्या खिशात आज पुन्हा असिक सापडले. मशीन लावायच्या आधी खिसे तपासायची सवय लागलीय. मेंढीच्या घोट्याची ती छोटी हाडं, दोन लाल रंगवलेली. २०१७ साली युनेस्कोने हा खेळ मानवजातीच्या वारशात नोंदवला. आमच्याकडे तो वॉशिंग मशीनच्या गाळणीत नोंदवला जातो. पोरगं नेम धरून मारतं छान. माझा साका, म्हणजे नेम मारायचं हाड, मात्र बाकाखाली जातो, आणि अपाचा नातू तो आणून देताना मला 'काही हरकत नाही' म्हणतो, हे जास्त लागतं. अपाकडे एक जुना साका आहे, आत शिसं ओतलेला, जड. तो ती कुणाला फेकायला देत नाही. कुणाचा, हे मी विचारलेलं नाही.

मुलाला उद्या शाळेत जाताना ती म्हणणारच आहे, सोमवारी नेहमी म्हणते: तुझा असिक आल्शी पडो. आल्शी म्हणजे हाडाची ती नशिबवान बाजू. तो मान खाली घालून ऐकतो, तिच्या हातचा बाउरसाक घेतो आणि पळतो. माझे शुभंकरोतीचे प्रयत्न मात्र दात घासण्यावरच अडकलेत. बघू.

आत्ता लिहिता लिहिता फोन थरथरला. अपाचा आवाजी निरोप. म्हणजे भिंतीपलीकडे तीही जागीच आहे. आज दुपारबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या रविवारी भावाच्या आउलला, म्हणजे गावी, जायचंय, तिथे खराखुरा कोकपार असतो, फुगेबिगे नाहीत, संघ नाहीत, ज्याच्याकडे घोडा आहे तो घुसतो. गाडी तिचा मुलगा काढेल. मी त्या तळलेल्या पोह्यांचं काय ते आणायचं, भावाला आवडतात. आणि भाऊ मला त्याच्या घोड्यावर बसवणार आहे, हे तिने परस्पर ठरवलंय. मी लिहिलं, नको, माझं वजन. तिने लगेच विचारलं, किती? खरं ते सांगितलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. दोन बोकड झाले. घोड्याला एकाची सवय आहे, दुसऱ्याचं तिथे गेल्यावर बघू.